तीन मुलं, एक नानी आणि एक जहाज

क्रूझ हा शब्द आता आपल्या घरांत नवा राहिलेला नाही. शादीच्या दावतीत, शाळेच्या फाटकाशी, ईदच्या भेटीगाठींत कुणी ना कुणी विचारतंच, ‘तुम्ही क्रूझला गेलात का?’ मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे क्रूझची जहाजं सुटू लागली, सिंगापूरच्या सहलींच्या जाहिरातीत विमानाशेजारी जहाजाचंही चित्र येऊ लागलं, तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांतही असा बेत आखला जातो. आम्हीही मागच्या वर्षी तो आखला. प्रवास होता तीन रात्रींचा, पण जहाज ठरवायला आम्हाला जवळपास चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जे शोधलं, विचारलं आणि घरात बसून बोललो, ते इथे मांडत आहोत. ज्या घरात लहान मूलही आहे आणि वयात आलेली मुलंही आहेत, त्यांना याचा उपयोग होईल अशी उमेद आहे.

आम्ही एकूण सहा जण. आम्ही दोघे नवरा-बायको, १६ वर्षांची थोरली मुलगी, १३ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची धाकटी आणि मुलांची नानी. तसं पाहिलं तर आमच्या घराला जहाज परकं नाही. कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांत अशी कितीतरी घरं सापडतील, जिथला कर्ता पुरुष खलाशी, तांडेल किंवा सारंग म्हणून दर्यावर होता. मुलांचे नानाही मालवाहू जहाजावरच होते. नानी स्वतः १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोगल लाईनच्या जहाजाने मुंबईहून जिद्दाला हजसाठी गेल्या होत्या. ती मोगल लाईन १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली, आणि १९९५ नंतर आपल्याकडून समुद्रमार्गे हजला जाणंही थांबलं. नानींच्या आठवणीतलं जहाज म्हणजे डेकवर दिली जाणारी अजान, एकमेकांना वाटून खाल्लेले घरचे डबे आणि रोज जवळ येत जाणारा जिद्दाचा किनारा.

म्हणूनच त्यांचा पहिला सवाल अगदी सरळ होता. ‘जहाजात बसून नुसती मौज करायची? एवढ्या पैशांत उमरा होईल ना?’

हा सवाल आम्ही हसण्यावारी नेला नाही. आमच्या घरात उमऱ्यासाठी वेगळी बचत आहे, तिला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं. क्रूझसाठी आम्ही दोन वर्षं बीसी भरली होती. ‘आत्ता जा, हप्त्यांनी फेडा’ अशा योजना खूप आल्या, पण व्याजाच्या पैशावर मुलांना समुद्र दाखवायचा नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. नानींना हेही सांगितलं की थोरलीची दहावी झाली आहे, दोन वर्षांनी ती कुठल्या गावी शिकायला जाईल ते अल्लाहलाच ठाऊक. घरातले सगळे एका छताखाली असताना काही दिवस फक्त एकमेकांबरोबर घालवावेत, एवढीच नियत आहे. नानी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘मग जहाज नीट बघून घ्या. दर्यावर गेल्यावर उतरता येत नाही.’

पुढच्या चार महिन्यांत आम्हाला जे काही कळलं, ते सगळं या एका वाक्यात आधीच आलं होतं. हॉटेल आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी सोडता येतं. जहाज म्हणजे एक बंद गाव. तिथलं जेवण, तिथले शेजारी, तिथले रस्ते आणि तिथल्या रात्री, सगळं आपलंच होऊन जातं. त्यामुळे जहाज किती मोठं आहे, यापेक्षा त्या गावात आपल्या प्रत्येक मुलाचा दिवस कसा जाणार, हे आधी बघावं लागतं.

एका इतवारी आम्ही सगळे मशवऱ्याला बसलो. प्रत्येकाने एक हवी असलेली आणि एक नको असलेली गोष्ट सांगायची. धाकटीला घसरगुंडी हवी होती आणि ‘अंधारातली खोली’ नको होती. मधल्याला चढायला-उडी मारायला काहीतरी हवं होतं, आणि ‘लहान मुलांच्या खोलीत’ बसायचं नव्हतं. थोरलीने हवी असलेली गोष्ट सांगितलीच नाही. ती म्हणाली, ‘मला अशा ठिकाणी नेऊ नका, जिथे तीन दिवस फक्त “तिकडे जाऊ नको, हे करू नको” एवढंच ऐकावं लागेल. त्यापेक्षा मी नानींबरोबर घरी राहते.’

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. तिचं म्हणणं बरोबर होतं. लहान मुलाला जहाजावर अडवावं लागत नाही, आयस्क्रीम आणि पाणी मिळालं की ते खूश असतं. पण १६ वर्षांची, हिजाब करणारी, समजूतदार मुलगी अशा जहाजावर गेली जिथे संध्याकाळनंतरची प्रत्येक जागा तिच्यासाठी ‘नको’ आहे, तर ती खोलीत मोबाईल घेऊन बसणार. मग तिला मनात वाटणार की दीन म्हणजे फक्त मनाई. सुट्टी वाया गेली तर गेली, पण ही समजूत तिच्या मनात घर करून बसली तर ती काढणं कठीण. तेव्हापासून जहाजाची कसोटी ठरली ती अशी की थोरलीला सकाळपासून रात्रीपर्यंत किती वेळा ‘हो’ म्हणता येईल.

ट्रॅव्हल एजंटकडे गेलो तेव्हा त्याने आधी स्लाइडचेच फोटो दाखवले. मुलांचं जहाज म्हणजे स्लाइड, असं एक समीकरणच झालं आहे. पण मोठ्या स्लाइडना उंचीची अट असते, बऱ्याच ठिकाणी साधारण १२० सेंटीमीटरची. घरी येऊन धाकटीला भिंतीला टेकवून मोजलं तर ती निघाली ११२. म्हणजे ज्या स्लाइडसाठी ती नाचत होती, तिच्यावर तिला चढूच दिलं नसतं. जहाजावर लहान मुलांसाठी वेगळा उथळ पाण्याचा भाग आहे का, हे विचारणं मग आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं ठरलं. ज्यांच्या घरात अजून लंगोट वापरणारं बाळ आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की अशा बाळांना जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात बहुधा उतरू देत नाहीत. बऱ्याच कंपन्या ६ महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेतच नाहीत, आणि लांबच्या सफरीसाठी ही अट १२ महिन्यांची असते. प्रवासात २४ आठवडे पूर्ण होणार असतील अशा गरोदर भगिनींनाही बहुतेक जहाजं नकार देतात. तलावाशी जीवरक्षक असतोच असंही नाही, तेही विचारून घ्यावं. असला तरी सहा वर्षांच्या मुलावर नजर आपलीच हवी.

दुसरी गोष्ट वयाच्या गटांची. जहाजावर मुलांचा क्लब असतो आणि तो बहुधा तीन वर्षांपासून पुढे असतो. बारा-तेरापासून सतरापर्यंतच्या मुलांची जागा वेगळी असते. ही रेषा प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणी ओढते. आमचा मधला अगदी त्या रेषेवर होता. एका जहाजावर तो लहानांत गेला असता, दुसऱ्यावर मोठ्यांत. लहान मुलांच्या क्लबमधून मूल आई-वडिलांच्या सहीशिवाय बाहेर सोडत नाहीत. मोठी मुलं मात्र बहुतेक ठिकाणी आपल्या मर्जीने ये-जा करतात. म्हणून या क्लबमध्ये दिवसा काय असतं आणि रात्री काय असतं, हे दोन वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारावेत. दिवसा तिथे बोर्ड गेम, टेबल टेनिस, चित्रकला असं बरंच काही असतं. रात्री दहानंतर त्याच खोलीत नाचगाण्याची पार्टी असू शकते.

मग आम्ही तीन जहाजांची नावं कागदावर लिहिली.

पहिलं मुंबईहून सुटणारं ‘एम्प्रेस’. १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आलेलं हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाने आपल्या किनाऱ्यावर फिरतं. गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्यांना विमान नको, व्हिसा नको. नानींसारख्या वयस्कर माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. ज्यांना पहिल्यांदाच जहाज अनुभवायचं आहे त्यांच्यासाठी दोन रात्रींची फेरी चांगली सुरुवात ठरू शकते.

दुसरं सिंगापूरहून सुटणारं ‘गेंटिंग ड्रीम’. जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीत बांधलेलं, २०१६ साली सेवेत आलेलं, १८ डेकचं आणि सुमारे दीड लाख टनांचं. स्लाइड आहेत, दोरांवरून चालण्याचा खेळ आहे, चढायची भिंत आहे. रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसने इस्लामी देशांच्या संघटनेच्या मानकांनुसार या जहाजासाठी हलाल-स्नेही प्रमाणपत्र घेतलेलं आहे.

तिसरं ‘अरोया’. हे सौदी अरेबियाचं जहाज. डिसेंबर २०२४ मध्ये जिद्दाहून त्याच्या सफरी सुरू झाल्या. त्यावर दारू नाही, जुगार नाही, आणि नमाजची सोय आहे.

इथे आम्हाला एक फार मजेची गोष्ट कळली. अरोया हे आधी ‘वर्ल्ड ड्रीम’ होतं. तेही त्याच जर्मन गोदीत, गेंटिंग ड्रीमच्या पाठोपाठ, २०१७ साली तयार झालेलं. म्हणजे दोन्ही सख्ख्या बहिणी. पोलाद तेच, डेक तेवढेच, पण एकीवर कॅसिनो आणि बार, दुसरीवर दोन्ही नाहीत. मधला म्हणाला, ‘अब्बू, म्हणजे बिल्डिंग सेम, सोसायटी वेगळी!’ याहून चांगलं आम्हाला सांगता आलं नसतं. जहाजाच्या फोटोत फक्त बिल्डिंग दिसते. सोसायटी कशी आहे हे विचारूनच कळतं.

मग अरोयाच का नाही, असं वाचक विचारतील. आमचाही कल आधी तिकडेच होता. पण नानी म्हणाल्या, ‘जिद्दाला उतरायचं आणि मक्केला न जाता दर्यावर फिरायला निघायचं, हे माझ्या दिलाला पटणार नाही.’ दोन्ही एकाच प्रवासात बसवायचं तर सुट्टी आणि पैसा दोन्ही अपुरे पडत होते. आणि उमरा क्रूझला जोडून उरकावा, हे आम्हालाही बरं वाटेना. नानींच्या बोलण्याने तो प्रश्न मिटला. ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत, किंवा ज्यांचा उमरा झाला आहे, त्यांच्यासाठी तेच जहाज पहिल्या क्रमांकाचं ठरू शकेल.

उरलेल्या दोन जहाजांसाठी आम्ही थोरलीलाच वही दिली. प्रत्येक जहाजासाठी एक पान, त्यावर तिन्ही भावंडांचे तीन रकाने, आणि फजरपासून इशापर्यंतचा दिवस. जिथे आई-वडील ‘हो’ म्हणतील तिथे बरोबरची खूण. जिथे ‘नको’, तिथे आम्ही कारण सांगायचं आणि तिने ते लिहायचं. कारण सांगता आलं नाही तर तो ‘नको’ रद्द, ही तिचीच अट. कॅसिनो, बार, रात्रीची पार्टी, यांची कारणं सांगायला आम्हाला वेळ लागला नाही. तिलाही ती मान्यच होती. पण दोरांवरचा खेळ? आमच्यापैकी एकाने आधी ‘नको’ म्हटलं, मग कारण विचारल्यावर काही सुचलं नाही. हिजाबवर हेल्मेट बसतं, सैलसर कुडता आणि पँट चालते. खूण ‘हो’ची झाली. अंगभर पोहण्याचा पोशाख तलावात चालतो का, हे तिने स्वतः ईमेल लिहून विचारलं. सिंगापूर-मलेशियात असा पोशाख नेहमीचाच असल्याने होकार आला. वही भरत गेली तसा तिचा सूरही बदलला. घरी राहण्याचं पुन्हा निघालं नाही.

शेवटी आम्ही सिंगापूरचं जहाज पक्कं केलं. एक कारण जेवणाचं होतं. इथे आम्ही एक गोष्ट ठासून सांगू. एजंटने तोंडी ‘सगळं हलाल असतं, काळजी करू नका’ म्हटलं तर ते पुरेसं नाही. लेखी विचारावं. मांस हलाल प्रमाणपत्राचं आहे का, भांडी आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, सॉसमध्ये वाइन पडते का, मुलांच्या जेली-मार्शमेलोत कोणतं जिलेटिन आहे, क्लबमध्ये मुलांना खाऊ काय देतात. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. बुफेच्या पाट्या सहा वर्षांच्या मुलीला वाचता येत नाहीत, आणि क्लबमध्ये आपण तिच्याजवळ नसतो. आणखी एक लक्षात ठेवावं. हलाल स्वयंपाकघर म्हणजे हलाल जहाज नव्हे. जेवण हलाल असलं तरी खालच्या मजल्यावर कॅसिनो असू शकतो. म्हणून जहाजाचा मजल्यांचा नकाशा मागवून घ्यावा. तो बुकिंगच्या आधीच मिळतो. जेवणाच्या हॉलमधून नाट्यगृहाकडे जाताना मुलांना कॅसिनोतून जावं लागतं का, दुसरा जिना आहे का, आपली खोली डान्स क्लबच्या वर किंवा खाली तर येत नाही ना, हे सगळं नकाशावर बोट फिरवून बघता येतं.

खोल्यांचा विचारही आधीच करावा लागतो. जहाजावरची साधी खोली बरेचदा दीडशे ते दोनशे चौरस फुटांची असते. चार जणांची खोली म्हणजे खाली एक जोडपलंग आणि वर भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या दोन फळ्या. दहा वर्षांनंतर मुलांची अंथरुणं वेगळी करावीत, ही आपल्या दीनची शिकवण आहे. एका खोलीत सगळ्यांना कोंबून पैसे वाचवले तर वाढत्या मुलीला कपडे बदलायला न्हाणीघराशिवाय जागा उरत नाही. आम्ही आतून दरवाजा असलेल्या, एकमेकींना जोडलेल्या दोन खोल्या घेतल्या. एकीत नानी, थोरली आणि धाकटी, दुसरीत आम्ही दोघे आणि मधला. बाल्कनीऐवजी बंद खिडकी घेतली, कारण धाकटी खुर्चीवर चढण्यात पटाईत आहे. खोल्या जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागितल्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलेशियाच्या मधली, त्यामुळे तिथला समुद्र एरवीही बराचसा शांत असतो. तरीही नानींनी आलेपाकाची बरणी बरोबर घेतलीच.

खर्चाबद्दल थोडंसं. जाहिरातीतला आकडा बहुधा एका खोलीत दोघे धरून, माणशी असतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाला सवलत मिळू शकते, पण बंदराचे कर आणि नोकरवर्गासाठीची रोजची बक्षिसी मुलांसकट प्रत्येकाला लागते. इंटरनेट, काही खास उपाहारगृहं आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या. खोलीची किल्ली असलेलं कार्ड जहाजावर पैशांसारखं चालतं. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन बंद करून घ्यावी. आणि सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं म्हणजे त्या देशात दोनदा शिरायचं, तेव्हा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावं.

हेच जहाज आणि हीच फेरी घेण्याचं दुसरं कारण म्हणजे पेनांग. बंदर निवडताना आम्ही एवढंच पाहिलं की उतरल्यावर सहलीची बस न घेता, नानींना धरून, पायी काही बघता येईल का. पेनांगचं जॉर्ज टाउन जहाजाच्या धक्क्याला लागूनच आहे. २००८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली कॅपिटन केलिंग मशीद हिंदुस्थानातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केली. आसपास तमिळ मुस्लिमांची नासी कंदरची दुकानं. भात, वर चार-पाच तऱ्हेचा रस्सा आणि मासे. मुलं तीन दिवसांत इतकं पोटभर कुठेच जेवली नाहीत. थोरलीने मशिदीत जोहर पढली आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘आपल्याकडचे लोक शिडाच्या जहाजातून इथवर आले, राहिले आणि मशीद बांधली. हे शाळेत का शिकवत नाहीत?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. नानींनी मात्र तिला नानांच्या बंदरांची नावं एकामागून एक सांगायला सुरुवात केली.

नमाजची काळजी वाटत होती, पण ती सोपी निघाली. आमच्या घरात कोकणची बाजू शाफई आणि मराठवाड्याची बाजू हनफी. प्रवासात कसर दोन्हीकडे आहे, दोन वेळच्या नमाजा एकत्र पढण्याची सवलत शाफईंकडे आहे. निघण्यापूर्वी आपापल्या आलिमांना विचारून ठेवलं. जहाजावर इंटरनेट घेतलं नव्हतं, म्हणून वेळा छापून नेल्या. किबल्याचं काम मधल्याने घेतलं. खोलीतल्या टीव्हीवर जहाजाचा नकाशा दिसतो. सिंगापूरहून पेनांगकडे जाताना जहाजाचं तोंड वायव्येला असतं आणि तिथून किबला पश्चिमेकडून थोडा उत्तरेला, म्हणजे जवळजवळ नाकासमोर, किंचित डावीकडे. परतताना तोच पाठीमागे जातो. हे त्याने कागदावर काढून दोन्ही खोल्यांत चिकटवलं. घरी ज्याला फजरला तीन हाका माराव्या लागतात, तो तिथे आधी उठून सगळ्यांचे मुसल्ले सरळ करत होता.

मुलांशी काही नियमही ठरले होते. तिन्ही जेवणं एकत्र. दुसऱ्या कुणाच्या खोलीत जायचं नाही, मग ओळख कितीही झालेली असो. मोठ्या दोघांनी कुठे जातोय ते आमच्या दरवाजावरच्या चिठ्ठीत लिहायचं. इशानंतर सगळे खोलीत, किंवा सगळे मिळून डेकवर. जहाज सुटताना आपत्कालीन सराव होतो, कोणत्या ठिकाणी जमायचं ते दाखवतात. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला हा नियम आहे. त्या वेळी मोबाईल बाजूला, आणि धाकटीसाठी लहान मापाचं जीवरक्षक जाकीट मागून घेणं हे थोरलीचं काम.

एक नियम नानींनी घातला. खोली साफ करणाऱ्याला, ताट उचलणाऱ्याला सलाम किंवा शुक्रिया केल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘तुमचे नाना असेच महिनोन् महिने घर सोडून असायचे,’ त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी धाकटीने टॉवेलची घडी घालून हत्ती बनवणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला विचारून घेतलं की त्याला मुलं किती. त्याला दोन होती आणि त्याने त्यांना सात महिने पाहिलं नव्हतं. त्या रात्री जेवताना मुलं बराच वेळ नानांबद्दलच विचारत राहिली.

क्रूझ ही काही गरजेची गोष्ट नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, आणि जमतं त्यांनी त्यात इसराफ करू नये. पण जायचंच असेल तर जहाजाच्या फोटोपुढे मुलांना बसवण्याआधी त्यांच्यापुढे कोरी वही ठेवा. लहान मूल काय हवं ते सांगेल. मोठं मूल काय नको ते सांगेल, आणि ते अधिक लक्ष देऊन ऐका. आमच्या थोरलीची ती वही अजून कपाटात आहे. मावस बहिणीच्या घरी असाच बेत शिजतो आहे असं कळलं, तेव्हा तिने ती स्वतःहून नेऊन दिली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘आधी खालाला प्रत्येक “नको”चं कारण विचार.’

अल्लाह तआला आपल्या सर्वांचे प्रवास आसान करो, आपल्या मुलांना जमिनीवरही आणि दर्यावरही आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.